दुनळी बंदुकीची निगा

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारीचा छंद संपला. तरी वरूडकडे संत्र्याच्या बागा व तुरीचीं शेतें राखणाऱ्या कांहीं घरीं परवान्याची १२ बोअरची दुनळी बंदूक असते. रानडुकरावर ती चालविण्यासही वनखात्याची परवानगी लागते, म्हणून ती बहुधा पडूनच असते, आणि तेथेंच तिच्या दोषांचें मूळ आहे. कापडी खोळ पावसाळ्यांत ओल धरते व नळ्यांस गंज चढतो. तेलाचा हलका हात फिरवून बंदूक खोळीबाहेर कुलपांत ठेवावी. काडतुसें निराळ्या कुलपांत. तेल फार झाल्यास दस्त्याच्या लाकडांत मुरतें.

वापरापूर्वीं बंदूक उघडून, ती रिकामी असल्याची खात्री करून, नळ्यांतून आरपार उजेड पाहावा. कुंभारीण माशीचें मातीचें घरटेंही नळी फोडण्यास पुरे होतें.

याहून घातक घोटाळा काडतुसांचा. नळीच्या मापाच्या १२ शिशाच्या गोळ्या एक पौंड भरतात, म्हणून ती १२ बोअर. अर्थात् २० बोअरची नळी अरुंद. २० चें काडतूस १२ च्या नळींत घातलें कीं तें घसरून पुढें अडकतें. नळी रिकामी समजून मागें १२ चें घालून चाप ओढला, तर नळी धरलेल्या हाताशींच फुटते! याच भयास्तव २० चीं काडतुसें पिवळीं करण्याचा प्रघात पडला. ‘बसलें म्हणजे झालें’ म्हणणाऱ्यांच्या हातीं बंदूक न दिलेली बरी.

चाप ओढूनही बार झाला नाहीं, तर नळी निर्धोक दिशेस रोखून निदान ३० सेकंद थांबावें. दारू मागाहून पेटण्याचा संभव असतो. बार दबका वाजला, तर बंदूक रिकामी करून पुन्हां उजेड पाहावा, मगच दुसरें काडतूस घालावें.