बौद्धिक दिव्यांग बालकांतील दृष्टीदोष : प्रश्नपरीक्षा जेथे अपुरी पडते

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग वर्णिले आहेत. त्यांतील तिमिराची लक्षणे पाहावीत. डोळ्यांपुढे माशा, केस वा जाळे दिसणे, दूरची वस्तू जवळ भासणे, ही सर्व रुग्णाने स्वमुखाने सांगावयाची आहेत. ज्या बालकास आपणांस कमी दिसते हेच सांगता येत नाही, तेथे त्रिविध परीक्षेतील प्रश्नपरीक्षा अपुरी पडते. मातेस विचारावे व बालकाकडे बराच वेळ पाहत बसावे, हाच मार्ग उरतो.

आमच्याकडून येथे चूक घडली आहे. धारूर तालुक्यातील डाउन सिंड्रोमचे एक बालक पुस्तक नाकाशी धरी, पायरीवर अडखळे. "त्याची समजच तेवढी," असे आई म्हणाली व आम्हीही ते मानले. वर्षभर मेध्य रसायन दिले. पुढे नेत्रतज्ज्ञांनी रेटिनोस्कोपी केली तेव्हा मोठ्या क्रमांकाचा दोष निघाला. चष्मा मिळाला, तथापि एका डोळ्याची दृष्टी मंदच राहिली. मंददृष्टीवरील उपचार सातव्या वर्षाच्या आत जितके फलदायी होतात, तितके नंतर होत नाहीत.

डाउन सिंड्रोममध्ये चष्म्याचा क्रमांक, तिरळेपणा, नेत्रकंप, पापण्यांचा दाह व जन्मजात मोतीबिंदू हे अधिक आढळतात. जवळचे पाहण्याची शक्तीही बहुधा क्षीण असते, म्हणून लहान वयातच द्विकेंद्री चष्मा उपयोगी पडतो. मेंदूच्या पक्षाघाताच्या काही बालकांत मात्र नेत्र निर्दोष असूनही मेंदूस दृश्याचे आकलन होत नाही, हे विशेष ध्यानी ठेवावे. वारंवार बोटाने डोळा दाबणे ही केवळ खोड समजू नये. ते अंधत्वाचे लक्षण असू शकते. बाहुलीत पांढरी झाक दिसल्यास तर एक दिवसही दवडू नये.

अक्षरे न ओळखणाऱ्या बालकाची तपासणी होत नाही, हा गैरसमज आहे. चित्रे जुळवून दृष्टी मोजता येते, आणि बाहुली विस्फारून केलेल्या रेटिनोस्कोपीत बालकास काही बोलावे लागत नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभाग आहे.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांत आपलेच आयुष वैद्यकीय अधिकारी शाळा-अंगणवाड्यांतून तपासणी करतात. परंतु आपल्या जिल्ह्याची अडचण सर्वज्ञात आहे. दसरा-दिवाळीनंतर कोयते कारखान्यांकडे निघतात. मुलेही सोबत जातात, आणि दिव्यांग मूल तर मागे ठेवणार कोणापाशी? म्हणून जून ते सप्टेंबर या काळातच अशा बालकांस गाठावे.

औषधी दुकानदार बंधूंस दोन विनंत्या. शिसेयुक्त काजळ वा सुरमा विकू नये. शिसे वाढत्या मेंदूस घातक आहे आणि ही बालके हात वारंवार तोंडात घालतात. तसेच लाल डोळ्यासाठी स्टिरॉइडयुक्त थेंब चिठ्ठीविना देऊ नयेत, कारण त्यांच्या दीर्घ वापराने काचबिंदू व मोतीबिंदू उद्भवतात.

त्रिफळा घृत वा तर्पणाने चष्म्याचा क्रमांक जाईल, अशी आशा पालकांस दाखवू नये. या बालकांचे नाक बसके असल्याने चष्मा घसरतो व मूल तो फेकून देते. मागे रुंद इलॅस्टिकची पट्टी लावून घेण्यास सांगावे. आमच्या पाहण्यात एवढ्यानेच पुष्कळ चष्मे टिकले.