भाड्याच्या खोलीचा बाहेरचा दरवाजा: दुरुस्त करायचा की बदलायचा?

व्हिडिओमध्ये आपण दरवाजा बघितला, इथे त्याचा हिशोब लिहून देतो. वही-पेन घेऊन बसा.

पावसाळा संपत आला की माझ्या हार्डवेअरच्या दुकानात घरमालक येतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "नवीन दरवाजा कितीला बसेल?" मी उलट विचारतो, "चौकट कशी आहे?" बहुतेकांनी ती बघितलेलीच नसते. इथेच पैसे वाया जायला सुरुवात होते.

भाड्याची खोली हासुद्धा धंदाच आहे. त्यामुळे निर्णय "जुना दिसतोय, बदलून टाकू" असा नको आणि "चालतंय तोवर चालू दे" असाही नको. तपासणी, कारण, हिशोब, या क्रमानेच जायचं.

१) दहा मिनिटांची तपासणी

चौकट: एक स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि चौकटीच्या खालच्या वीतभर भागात दाबा. लाकूड कडक लागलं तर चौकट चांगली. लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर लाकूड कुजलंय. मग चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन्ही सारखे असतील तर चौकट काटकोनात आहे. बराच फरक असेल तर ती तिरकी झालीय.

वाळवी: बोटाने ठोकत वरपर्यंत जा. पोकळ आवाज येतो का? भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसतात का? दिसत असतील तर आधी वाळवीचा बंदोबस्त, मग सुतार. नाहीतर नवा पल्लाही तिच्याच पोटात जाणार.

पल्ला: खालची कड बघा. फ्लश डोअर असेल तर प्लायचे थर सुटलेत का, फुगलेत का?

बिजागऱ्या: दरवाजा अर्धा उघडा, कडीच्या बाजूने धरून वर उचला. वरखाली हलला तर बिजागरीचे स्क्रू ढिले झालेत.

२) रोग कुठला, औषध कुठलं

दरवाजा खाली घासतोय, पण लाकूड कडक आहे? बहुधा वरच्या बिजागरीचा दोष. जुनं भोक लाकडाची खुंटी आणि फेविकॉल घालून बुजवा आणि लांब स्क्रू मारा. काम किरकोळ, फरक मोठा.

फक्त पावसाळ्यात अडकतो? ते लाकूड ओल पिऊन फुगलंय. भर जुलैत रंधा मारू नका. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की तिथेच फट पडते. तात्पुरतं कडेला मेण घासा आणि कोरड्या दिवसांत लाकूड सुकल्यावरही घासत असेल तरच रंधा मारा. नंतर वरची आणि खालची कडसुद्धा रंगवा. समोरची बाजू सगळे रंगवतात, खालची कड कोरी राहते आणि पाणी तिथूनच शिरतं.

खालचे थर सुटलेत, पण चौकट चांगली आहे? फक्त पल्ला बदला. चौकटच कुजलीय किंवा भिंतीतून सुटलीय? मग पल्ला आणि चौकट दोन्ही. सडक्या चौकटीवर नवा पल्ला टांगणं म्हणजे पैसे पाण्यात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पाणी येतंय कुठून हे थांबवल्याशिवाय काहीही बसवू नका. रत्नागिरीसारख्या भागात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथे झड थेट दरवाजावर येत असेल तर वर पत्र्याची पावसाळी लावा आणि उंबऱ्याबाहेरच्या फरशीला बाहेरच्या बाजूला उतार द्या.

३) हिशोब वर्षाचा, बिलाचा नाही

सूत्र सोपं आहे: एकूण खर्च भागिले टिकणारी वर्षे. आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुमच्या गावचे दर घालून बघा.

पर्याय अ: खालून पट्टी मारून डागडुजी २,४०० रुपये, टिकेल २ वर्षे. वर्षाला १,२०० रुपये.
पर्याय ब: नवा पल्ला, बिजागऱ्या, कुलूप, मजुरी मिळून ९,००० रुपये, टिकेल १० वर्षे. वर्षाला ९०० रुपये.
पर्याय क: बिजागरी आणि रंग ८०० रुपये, टिकेल ४ वर्षे. वर्षाला २०० रुपये.

लाकूड चांगलं असेल तर क हाच शहाणपणाचा. खालचे थर सुटले असतील तर क शक्यच नाही. मग अ स्वस्त दिसतो, पण ब परवडतो.

आता भाडं ६,००० रुपये धरा. दरवाजा नीट लागत नाही म्हणून भाडेकरू सोडून गेला आणि खोली एक महिना रिकामी राहिली, तर ६,००० रुपये गेले. हा आकडा बिलावर कधीच दिसत नाही.

४) पैसे कोणाचे?

रोजच्या वापराने आणि पावसाने झिजलेला दरवाजा मालकाचा खर्च. भाडेकरूने लाथ मारून फोडला असेल तर त्याचा. डिपॉझिटमधून झिजेचे पैसे कापणारा मालक दोन हजार वाचवतो आणि गावात नाव घालवतो. खोली देताना दरवाजाचे फोटो काढून दोघांकडे ठेवा, वाद तिथेच मिटतो.

तुम्ही स्वतः दुकानाचे भाडेकरू असाल तर हे वाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४: करारात वेगळं ठरलं नसेल तर जागा राहण्या-वापरण्याजोगी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत काम केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. लिव्ह अँड लायसन्सवर जागा असेल तर हा नियम गृहीत धरू नका. दुरुस्ती कोणी करायची हे करारातच लिहून घ्या.

मालकांसाठी कराचा मुद्दा: घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेला महापालिका कर वजा केला की उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दरवाजावर ८०० खर्च करा की ९,०००, वजावट तेवढीच. म्हणून "बिल करात दाखवू" या भरवशावर खर्च वाढवू नका.

५) नवीन घेताना

जुन्या बांधकामात चौकट सगळीकडे सारखी नसते. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी माप धरा. लाकडी फ्लश डोअरवर आयएस २२०२ चा शिक्का बघा आणि बाहेरच्या वापरासाठी पाण्याला टिकणारा माल मागा. घरातल्या खोलीचा हलका, पोकळ पल्ला बाहेर लावू नका.

काम सकाळी लवकर सुरू करा आणि संध्याकाळच्या आत कुलूप लागलंच पाहिजे, हे सुताराशी आधी बोलून घ्या. आत एक कुटुंब राहतंय, त्यांना दाराविना रात्र काढायला लावायची नाही. आणि भाडेकरू बदलला की कुलूप बदला. जुन्या चाव्या किती जणांकडे आहेत, कोणाला माहीत?

आजचा गृहपाठ: एक स्क्रू ड्रायव्हर, एक टेप आणि दहा मिनिटं. तुमच्या खोलीचा दरवाजा तपासा, अ-ब-क चे तीन आकडे वहीत लिहा, आणि मगच दुकानात भाव विचारायला जा. भेटू पुढच्या व्हिडिओत!