पदाआधी संस्था

देवगाव रंगारी, ता. कन्नड

चि. पुतण्यास,

पत्रास कारण की, शेतीबरोबर राजकारणातही उतरण्याचा मनसुबा कानी आला असून, त्याआधी वसंतदादा पाटील यांचे चरित्र अभ्यासले जावे अशी घरच्यांची इच्छा आहे.

१९१७ साली शेतकरी कुटुंबात जन्मलेले दादा सांगलीजवळच्या पद्माळे गावचे. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपले आणि शिक्षणही फारसे झाले नाही. बेचाळीसच्या चळवळीत पकडले गेल्यावर २४ जुलै १९४३ रोजी साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडताना त्यांना गोळी लागली. १९४६ मध्ये त्यांची सुटका झाली आणि १९५२ मध्ये ते विधानसभेवर निवडून आले.

धाडसाने नाव झाले, पण ते टिकले सहकारामुळे. सहकारी साखर कारखाना म्हणजे ऊस पिकवणाऱ्यांनी भागभांडवल जमवून स्वतःच्या मालकीचा उभारलेला कारखाना, ज्यात भाग कितीही असले तरी सभासदाला मत एकच असते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला १९५० मध्ये घालून दिलेली ही वाट दादांनी सांगलीत कारखाना उभारून रुंद केली, आणि मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे आले ते त्यानंतर, १९७७ मध्ये. पुढच्याच वर्षी पक्षातील फुटीने ते सरकार पडले, तरी गावोगावच्या सभासदांशी जोडलेले नाते तुटले नाही आणि १९८३ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले.

या चरित्राची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. दादांच्या पश्चात तोच कारखाना कर्जात रुतला आणि भाडेतत्त्वावर चालवायला द्यावा लागला. म्हणजे संस्थापकाच्या पुण्याईवर संस्था फार काळ चालत नाही, तिचा हिशेब दरवर्षी कोणीतरी डोळ्यांत तेल घालून तपासावा लागतो.

कन्नड तालुक्यात कापूस आणि मका ही मोठी पिके असल्याने सांगलीच्या उसाची नक्कल येथे करू नये. उचलायची ती कामाची रीत. म्हणून प्रथम गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे, म्हणजे शेतकऱ्याला पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचे, सभासद व्हावे, तिचा ताळेबंद वाचायला शिकावे, वार्षिक सभेत थकबाकीबद्दल प्रश्न विचारावा आणि स्वतःचे कर्ज वेळेवर फेडावे. एवढे जमल्यावरच लोकांपुढे मतासाठी हात जोडावेत.

कळावे.