नव्या बाबाला काय द्यावं? (गीता, अध्याय १७)



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

थोडक्यात अर्थ असा. द्यायला हवं म्हणून, परतफेडीची आशा न धरता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक दान. परत काही मिळावं म्हणून किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस. अवेळी, अपात्री, मान न ठेवता दिलेलं ते तामस.

मित्राला दिलेली भेट म्हणजे शास्त्रातलं दान नव्हे, मान्य. पण कसोटी तीच लावून बघू.

माझ्या वयाच्या मित्रांकडे सध्या बारशांचा हंगाम आहे. बाळाला आंगडं-टोपडं, चांदीचे वाळे. बाळंतिणीला ओटी, डिंकाचे लाडू. आणि बापाला? त्याच्या हातात पेढ्यांचा बॉक्स आणि कानावर एकच प्रश्न, "पार्टी कधी?" आठ रात्री न झोपलेल्या माणसाकडून पार्टी उकळणं कुठल्या प्रकारात बसतं, ते तुम्हीच ठरवा. राजस तर घरोघरी आहे: आहेराची वही! त्यांनी पाचशे घातले, आपणही पाचशे. व्यवहार म्हणून ठीक, पण त्यात समोरचा माणूस कुठेच नसतो.

सात्त्विक देणं कसं असतं, हे आमच्या जुन्नरच्या डोंगरात कोरून ठेवलंय. इथल्या लेण्यांतले सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी शिलालेख वाचा, बरेचसे देणग्यांचेच आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाक्या दिल्या. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. डोंगरावर राहणाऱ्या भिक्खूला काय लागतं? प्यायला पाणी आणि जेवायला जागा. देश, काल, पात्र, तिन्ही जुळले.

आता आजचं पात्र बघू. जुन्नर-आंबेगावातला पंचविशीतला शेतकरी बाप. पहिलं बाळंतपण बायकोच्या माहेरी, बाळ तिकडे. इकडे कांदा, ऊस, गोठ्यात दोन गाई. शेतीपंपाची वीज बऱ्याच ठिकाणी अजून रात्रीच्या पाळीत येते, म्हणून रात्री दारं धरायला जायचं. आणि उसात बिबट्या. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र उगाच नाही. ज्याच्या घरी नुकतं लेकरू आलंय, त्याच्या मनात त्या अंधारात काय येत असेल?

केंद्र सरकारी नोकरीत बापाला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत कायद्याने सक्ती नाही. शेताला तर रजाच नाही. म्हणून त्याच्यासाठी सगळ्यात मोलाची भेट हे वाक्य आहे: "दोन दिवस दारं आम्ही धरतो, तू लेकराला बघून ये." (एकट्याने जाऊ नका. दोघं-तिघं, हातात चांगली बॅटरी, मोबाईलवर मोठ्याने भजन.) दारं धरायला जमत नसेल तर सकाळचं दूध डेअरीला घाला. वस्तूच द्यायची तर कपाळावर बांधायची बॅटरी द्या. दोन्ही हात मोकळे राहतात.

पुण्यातल्या नोकरदार बाबालाही हेच लागू. आमच्या भाषेत सांगायचं तर त्याची रात्रीची ऑन-कॉल पाळी आपल्या नावावर घ्या. जेवणाचा डबा न्या, दारातच द्या, चहाला थांबू नका. आणि बाळाबद्दल विचारून झालं की एकदा त्याला विचारा, "तू कसा आहेस?" हा प्रश्न त्याला फार कमी लोक विचारतात.

श्लोकातला 'परतफेडीची आशा न धरता' हा भाग इथे सोपा होतो. झोपेची नोंद आहेराच्या वहीत होत नाही!

आजचा अभ्यास: गेल्या वर्षभरात बाप झालेला एक मित्र आठवा. तो कुठे आहे, त्याची सगळ्यात अवघड वेळ कोणती, त्याला नेमकं काय लागतंय, तीन ओळींत लिहा. मग दुकानात जायचं की त्याच्या बांधावर, ते आपोआप कळेल.

राम कृष्ण हरी!