अंगठा लागला नाही, परत लावा

विड्या वळणाऱ्या बाईच्या अंगठ्यावर रेषा फारशा उरत नाहीत. पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्यानं बांधायची. तीस-चाळीस वर्षं हेच केलं की बोटांची टोकं गुळगुळीत होतात. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. तिथे असे अंगठे घरोघरी सापडतील. रेशनच्या दुकानात, बँकेत "अंगठा लागत नाही" हे या बायका इतक्यांदा ऐकतात की त्यात कुणाला वावगं वाटत नाही. माझ्या अम्माच्या बाबतीत नेमका याचाच फायदा घेतला गेला.

रस्त्याकडेला छत्री लावून सिमकार्ड विकणाऱ्या मुलानं "मावशी, लागला नाही, परत लावा" म्हणत तिला यंत्रावर पुन्हा पुन्हा अंगठा ठेवायला लावला. एक सिम तिच्या हातात पडलं. दुसरं तिच्याच नावावर निघालं आणि भलत्याच माणसाकडे गेलं. काही महिन्यांनी परजिल्ह्यातल्या पोलिसांचा फोन आला: तुमच्या नावावरच्या नंबरवरून एकाला लुबाडलंय, चौकशीला यावं लागेल. अम्मानं आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नव्हती. त्या दिवशी ती जेवली नाही.

हल्ली असे फोन खोटेही असतात. तेव्हा पहिली गोष्ट इथेच सांगते: फोनवर एक शब्द कबूल करू नका, एक रुपया पाठवू नका, कॅमेऱ्यासमोर बसू नका. सरळ आपल्या जवळच्या ठाण्यात जा आणि तिथून खातरजमा करून घ्या. आम्ही तेच केलं. फोन खरा निघाला.

चौकशीत टेबलावर दोन नंबरांचे कागद आले, एक त्या बनावट नंबराचा आणि एक अम्माचा स्वतःचा. पोलिसांच्या बोलण्यात अशा कागदाला सीडीआर म्हणतात. त्यात असतं: कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला, कोणत्या तारखेला, किती वाजता, किती सेकंद, फोन सुरू झाला तेव्हा कोणता टॉवर, संपला तेव्हा कोणता आणि सिम कोणत्या हँडसेटमध्ये होतं त्याचा 15 आकडी आयएमईआय. बोलणं काय झालं, त्याचा एक शब्द त्यात नसतो.

साहेब भले होते. "ताई, हे बघा," म्हणून त्यांनी पेन्सिलीनं दाखवलं, की बनावट नंबर दुसऱ्याच राज्यातल्या टॉवरांवर फिरतोय, हँडसेटही वेगळा आहे, आणि त्याच तारखांना अम्माचा फोन सोलापूर आणि कुंभारी सोडून कुठे गेलेला नाही. तिची सुटका त्या कागदानं केली, हे मी विसरणार नाही.

पण पेन्सिल खाली सरकत होती तेव्हा माझी नजर दुसरीकडेच गेली. टॉवरच्या रकान्यात मधूनमधून सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसराचा पत्ता येत होता, दर वेळी दुपारचा. त्या दुपारी अम्मा आम्हाला "कारखान्यात माल द्यायला जातेय" सांगून निघायची. आणि सिव्हिलच्या टॉवरवरून दर वेळी एकच फोन होता, सिरिसिल्लाच्या मावशीला, चांगला लांबलचक. घरी येऊन मी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, छातीचं दुखणं होतं, तुम्हाला काळजी नको म्हणून बोलले नाही. घरातल्या चार माणसांना जे कळलं नव्हतं, ते मोबाइल कंपनीच्या नोंदवहीत तारीखवार लिहिलेलं होतं.

कंपनी आपलं बोलणं ऐकते का, असं लोक विचारतात. ऐकण्याची तिला गरजच नाही. पहाटे फोन कोणत्या टॉवरवर असतो त्यावरून घर कळतं, दुपारी कुठे असतो त्यावरून काम. रिचार्ज किती रुपयांचा आणि कोणत्या तारखेला, त्यावरून हातात पैसा कधी येतो ते समजतं. रोज रात्री ज्या नंबरला फोन जातो तो जिव्हाळ्याचा. तो अचानक थांबला की काही बिनसलंय. शहरात टॉवर दाट असतात, म्हणून ठिकाण काहीशे मीटरपर्यंत नेमकं कळतं. माळरानावर तेच काही किलोमीटर ढोबळ होतं. व्हॉट्सअॅपचा मजकूर कंपनीला वाचता येत नाही, बँकेच्या अॅपमधलं काही दिसत नाही. पण किती वाजता किती डेटा गेला आणि बहुतेक वेळा कोणत्या संकेतस्थळाकडे गेला, हे दिसतं. साधा एसएमएस मात्र कंपनीच्या यंत्रणेतून उघडाच जातो.

ही नोंद दोन-चार दिवसांत पुसली जात नाही. डिसेंबर 2021 मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागानं परवान्याची अट बदलली. तेव्हापासून कंपन्यांना अशा नोंदी किमान 2 वर्षं सांभाळाव्या लागतात. आधी ही मुदत 1 वर्षाची होती. जर्मनीतले राजकारणी माल्टे श्पिट्झ यांनी आपल्या मोबाइल कंपनीकडून स्वतःच्या सहा महिन्यांच्या नोंदी मागून घेतल्या, तर 35 हजारांवर ओळी निघाल्या. 2011 मध्ये एका जर्मन वृत्तपत्रानं त्या नकाशावर मांडल्या आणि त्यांचा दिवसन्‌दिवस लोकांना पाहता आला. 2013 मध्ये संशोधकांनी 15 लाख लोकांच्या बिननावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ठिकाण आणि वेळ यांच्या अवघ्या चार जोड्यांवरून 95 टक्के माणसं गर्दीतून वेगळी ओळखता येतात असं दिसलं. नाव काढून टाकलं की माहिती निनावी झाली, असं कुणी सांगितलं तर हे लक्षात ठेवा.

आणि नोंद आहे म्हटल्यावर तिच्यावर डोळा ठेवणारेही असतातच. कायद्यानं सीडीआर मागायला पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. तरीही 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी खासगी गुप्तहेरांमार्फत चाललेला सीडीआर विक्रीचा धंदा उघडकीस आणला. गिऱ्हाईक कोण असतं? बायकोवर संशय घेणारा नवरा, भागीदारावर पाळत ठेवणारा धंदेवाला. आपलं कागदपत्र एकदा कंपनीकडे गेलं की त्याचं काय होऊ शकतं, तेही 2017 मध्ये देशानं पाहिलं. सिमच्या आधार पडताळणीच्या वेळी स्पष्ट संमतीशिवाय एअरटेल पेमेंट्स बँकेत ग्राहकांची खाती उघडली गेली आणि गॅसचं अनुदान परस्पर त्या खात्यांत जमा होऊ लागलं. आधार प्राधिकरणानं त्या डिसेंबरमध्ये कंपनीची ई-केवायसीची सोय काही काळ थांबवली आणि पुढे रिझर्व्ह बँकेनं बँकेला 5 कोटींचा दंड केला. ज्या घरात गॅसच्या अनुदानाचा हिशेब चुलीपाशी मांडला जातो, तिथे ते पैसे कुठे गेले हे शोधायला किती बायकांनी किती खेटे घातले असतील.

आता कामाचं. 1 जानेवारी 2024 पासून सिमसाठी कागदी अर्ज बंद झाले. आता एकतर अंगठा, नाहीतर मोबाइलवर काढलेला फोटो आणि कागदपत्र. अंगठा पुन्हा मागितला तर विक्रेत्याला म्हणा, आधी पडदा माझ्याकडे वळवा. पहिली खेप खरंच फसली असेल तर तिथे तसं लिहून येतं. लिहिलेलं नसेल तर उठून चालू लागा. भिडेखातर बसून राहू नका. शक्य असेल तर सिम कंपनीच्या स्वतःच्या दालनातून घ्या आणि म्हाताऱ्या माणसांबरोबर घरातलं वाचता येणारं कुणीतरी जा.

सरकारचं 'संचार साथी' नावाचं संकेतस्थळ मे 2023 मध्ये सुरू झालं, आता अॅपही आहे. तिथे आपला नंबर घालून ओटीपी दिला की आपल्या नावावर किती जोडण्या आहेत ते दिसतं. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर 9 पर्यंत चालतात. अनोळखी नंबर दिसला तर 'माझा नंबर नाही' हे निवडा, आणि मिळालेला संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. अम्माच्या प्रकरणानंतर मी आमच्या गल्लीतल्या बायकांचे नंबर तपासून देते. प्रत्येकीचा ओटीपी तिच्याच हातानं घालून घेते, कुणाचा वाचून घेत नाही.

आधारच्या संकेतस्थळावर गेल्या 6 महिन्यांत आपलं आधार कुठे कुठे वापरलं गेलं, याची यादी मिळते. सिम घेतलं त्या दिवशी दोन यशस्वी नोंदी दिसल्या तर थांबू नका, ठाणं गाठा. बोटांचे ठसे कुलूपबंद करण्याची सोयही आहे; मात्र जिला दर महिन्याला रेशनसाठी अंगठा द्यावा लागतो तिला दर वेळी ते उघडावं लागेल. हे काम करून देणारं माणूस घरात नसेल, तर मी ही सोय सुचवत नाही. उपाशी राहण्यापेक्षा यादी वरचेवर पाहिलेली बरी.

फोनचं नेटवर्क अचानक गेलं, शेजाऱ्याचं चालू आहे आणि आपलंच तासभर नाही, तर आपल्या नंबरचं दुसरं सिम कुणीतरी काढून घेतलं असण्याची शक्यता असते. दुसऱ्याच्या फोनवरून आधी बँकेला कळवा, मग कंपनीला. पैसे गेले असतील तर 1930 ला फोन करा. जितक्या लवकर सांगाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. जाहिरातींचे फोन नको असतील तर 1909 वर नोंद होते. कंपनीच्या अॅपमध्ये 'सहयोगी कंपन्यांना माहिती द्यावी' अशा अर्थाची खूण आधीच केलेली सापडली, तर ती काढा. रिचार्जसाठी दुकानातल्या वहीत बायकांनी नंबर लिहू नये, ती वही कुणीही चाळू शकतं; रिचार्ज मुलाबाळांकडून घरीच करून घ्यावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. कंपनीकडे आपली काय माहिती आहे हे विचारण्याचा हक्क त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतो. तो लागू झाला की अर्ज करायचा, हे मी आत्ताच ठरवून ठेवलंय.

शेवटचं, जे हमखास राहून जातं. घरातलं कुणी गेलं किंवा नंबर नकोसा झाला, तर रिचार्ज न करता तो सोडून देऊ नका. बंद पडलेला नंबर किमान 90 दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो आणि त्या नंबरला जोडलेल्या खात्यांचे ओटीपी मग त्याच्याकडे जातात. आधी बँक, आधार, गॅस, पेन्शन, भविष्यनिर्वाह निधी या सगळ्या ठिकाणी नवा नंबर लावून घ्या, व्हॉट्सअॅपचं खातं काढून टाका, त्यानंतर मृत्यूचा दाखला किंवा अर्ज घेऊन कंपनीच्या दालनात जा आणि नंबर बंद केल्याची पोच हातात घेऊनच बाहेर पडा.