पाहुणा गेला केव्हा?

सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत तळ्याच्या काठी, ओलिताच्या शेतात किंवा शाळेच्या मैदानावरही एक सडपातळ पक्षी दिसू लागतो. तो तुरुतुरु धावतो आणि थांबला की लांब शेपटी सारखी वरखाली हलवतो. हा धोबी पक्षी होय. काही भागांत त्याला परीट असेही म्हणतात. पांढरा धोबी, करडा धोबी आणि पिवळा धोबी हे आपल्याकडचे हिवाळी पाहुणे. हिमालय, मध्य आशिया, सायबेरिया अशा उत्तरेकडील प्रदेशांत त्यांची वीण होते.

पाहुणा आलेला चटकन कळतो. काल जागा रिकामी होती, आज तेथे पक्षी आहे. पण तो परत केव्हा गेला? मे महिन्यात कधीतरी आपल्या ध्यानात येते, की धोबी बरेच दिवसांत दिसलेला नाही. येण्याची तारीख डोळ्यांना दिसते, जाण्याची तारीख मात्र शोधून काढावी लागते. ती कशी काढावयाची, हे आज आपण पाहू.

प्रवासाची तयारी

फेब्रुवारी-मार्चपासून धोब्याकडे बारकाईने पाहा. पिवळ्या धोब्याचा रंग दिवसेंदिवस झळाळू लागतो. अनेक पांढऱ्या धोब्यांचा हिवाळ्यात पांढरा असलेला गळा काळा होतो. हा विणीच्या हंगामाचा पोशाख आहे. त्याच सुमारास प्रवासी पक्षी भरपूर खाऊन अंगात चरबी साठवतात. एक ग्रॅम चरबीपासून सुमारे 9 किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर तेवढ्याच पिष्टमय पदार्थापासून सुमारे 4 किलोकॅलरी. जेमतेम वीस ग्रॅम वजनाच्या या प्रवाशाने हलके आणि किफायतशीर इंधन निवडले आहे, नाही का?

पण निघावयाची वेळ झाली, हे त्याला कळते कसे? 1920 नंतरच्या दशकात कॅनडातील एडमंटन येथे विल्यम रोवन यांनी जुंको नावाचे लहान पक्षी कडाक्याच्या थंडीत उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि विजेच्या दिव्यांनी त्यांचा ‘दिवस’ रोज थोडा थोडा लांबवत नेला. बाहेर थंडी असूनही त्या पक्ष्यांच्या जननेंद्रियांची वाढ वसंत ऋतूतल्यासारखी झाली. म्हणजे इशारा उष्णतेचा नव्हता, प्रकाशाचा होता.

पुढे जर्मनीत एबरहार्ड ग्विन्नर यांनी वटवट्यांना कायम बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशा स्थितीत ठेवले. तरीही प्रवासाचा हंगाम येताच ते पक्षी अस्वस्थ झाले! पक्ष्याच्या शरीरातच एक वर्षाचे घड्याळ असते. दिवसाची लांबी ते घड्याळ बरोबर लावून देते, असे म्हणता येईल. आपल्याकडे, पुण्याच्या अक्षांशावर, डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सुमारे 11 तासांचा, तर जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो.

‘दिसला नाही’ म्हणजे ‘गेला’ का?

समजा, तुम्ही 10 एप्रिलला तळ्यावर गेलात आणि धोबी दिसला नाही. तो गेला असे लगेच म्हणता येईल का? नाही. तो बांधापलीकडे असेल, किंवा गुरे पाण्यावर आल्यामुळे दूर उडाला असेल.

येथे थोडे गणित कामी येते. फेब्रुवारीत पक्षी येथेच मुक्कामाला आहे हे आपल्याला ठाऊक असते. त्या महिन्यात तुम्ही 20 फेऱ्या मारल्या आणि त्यांपैकी 10 फेऱ्यांत धोबी दिसला, तर पक्षी असूनही न दिसण्याची शक्यता 1/2 झाली. लागोपाठ दोन फेऱ्यांत न दिसण्याची शक्यता 1/2 × 1/2 म्हणजे 1/4, आणि लागोपाठ पाच फेऱ्यांत 1/32. दहा फेऱ्या रिकाम्या गेल्या, तर ती 1/1024 इतकी लहान होते. आता ‘तो गेला’ असे बऱ्याच खात्रीने म्हणता येईल.

तुमची नजर सरावलेली असेल आणि 20 पैकी 15 फेऱ्यांत धोबी दिसला असेल, तर तेवढीच खात्री किती रिकाम्या फेऱ्यांनंतर येईल? वहीवर करून पाहा. उत्तर पाच यावयास हवे. मात्र प्रत्येक फेरी त्याच वेळी आणि तेवढाच वेळ मारलेली असली पाहिजे, नाहीतर हा हिशेब फसेल.

वही अशी ठेवा

घराजवळची एकच जागा निवडा. रोज सकाळी पंधरा मिनिटे तेथे थांबा. तारीख, वेळ, पक्ष्यांची संख्या, हवा आणि पाण्याची पातळी लिहा. तळे आटल्यामुळे पक्षी दुसरीकडे गेला असेल, तर तेही त्यावरून कळेल. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पक्षी दिसला नाही, तर तेथे शून्य लिहा. रिकामी जागा आणि शून्य यांत फार मोठा फरक आहे. रिकामी जागा सांगते, ‘मी गेलो नाही’. शून्य सांगते, ‘मी गेलो, शोधले, पण सापडला नाही’. फक्त रविवारीच फेरी मारलीत, तर जाण्याच्या तारखेत सात दिवसांची अनिश्चितता राहील, हेही ध्यानात ठेवा.

एक सावधगिरी बाळगा. आपल्याकडे एक मोठा धोबी बारा महिने राहतो. त्याचे डोके व पाठ काळी आणि डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असते. पांढऱ्या धोब्याचे कपाळ पांढरे असते. हा फरक विसरलात, तर तुमचा पाहुणा कधी जाणारच नाही!

उपयोग काय?

2007 मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय जैविक विज्ञान केंद्राने ‘मायग्रंटवॉच’ हा उपक्रम सुरू केला आणि हौशी निरीक्षकांकडून स्थलांतरी पक्ष्यांच्या नोंदी गोळा केल्या. हवामान बदलत आहे. त्याबरोबर पक्ष्यांचे वेळापत्रकही बदलते आहे का, हे एका वर्षाच्या नोंदींवरून सांगता येत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या, शून्यांसकट लिहिलेल्या नोंदी लागतात. दोन-तीन दिवसांचा बदल शोधावयाचा असेल, तर सात दिवसांची चूक असलेल्या वह्यांचा फारसा उपयोग होत नाही.

तुमच्या गावच्या तळ्याची अशी वही बहुधा कोणीच ठेवलेली नसेल. या फेब्रुवारीत पहिले पान लिहा आणि दहावी झाल्यावर ती वही आठवीतल्या एखाद्या मित्राच्या स्वाधीन करा.