पान्हा हातात घेण्याआधी

मुलुंडच्या आयटीआयला फिटरला नंबर लागला, तर तोंड पाडून बसू नकोस. लालबहादूर शास्त्री मार्गाने कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत एकेकाळी भोंग्यावर घड्याळं लागायची. कुर्ल्यात जिथे प्रीमियर पद्मिनी बनायची, तिथे आज कोहिनूर सिटी आहे. कारखाने गेले हे खरंच; पण टॉवरची लिफ्ट बंद पडली की विसाव्या मजल्यावरचा साहेबही आधी मेकॅनिकलाच फोन लावतो.

सुरुवातीला तुला लोखंडाचा तुकडा घासायला देतील. कंटाळू नकोस, सगळा धंदा त्यातच आहे. कानस पुढे जाताना कापते. मागे आणताना दाब काढून घे, नाहीतर दात बोथट होतात. कोपर वरखाली हललं की दोन्ही कडा खातात आणि मध्ये फुगवटा राहतो. गुण्या लावून उजेडासमोर धर. फटीतून जिथे उजेड दिसतो तिथे कानस लावायची नाही. जिथे दिसत नाही, तिथेच घासायचं. हे नुसतं ऐकून येत नाही, मनगटाला कळावं लागतं.

आठ एमएमचा आटा पाडायचा तर भोक ६.८ चं. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि तेलात कंजुषी नाही. टॅप भोकात तुटला की जॉबही गेला आणि दिवसही गेला. नट कधीही आधी बोटांनी दोन-तीन फेरे बसवायचा, मग पान्हा. खोलणं कुणालाही जमतं. परत बसवून स्क्रू उरला नाही, तर तू कारागीर. आम्ही कागदावर चित्र काढून ठेवायचो, तुझ्या खिशात तर कॅमेराच आहे.

रविवारी सायकलवर येऊरचा चढ मारतोस ना? मग डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे माहीत हवं. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतं. उगाच जोर लावून आटे खाऊ नकोस. घरचा पंखा नुसता गुणगुणला आणि काठीने ढकलल्यावर फिरला, तर बहुधा कपॅसिटर गेलाय. नुसतं बटण नाही, मेन स्विच बंद कर आणि जुन्यावरचा आकडा बघूनच नवा आण. बहुतेक घरी २.५ मायक्रोफॅरडचा असतो.

दोन वर्षांनी अप्रेंटिसशिपला कंपनी निवडशील, तेव्हा फक्त स्टायपेंड विचारू नकोस. मशीनला हात लावू देतात का, ते आधी विचार.